निळा झोत थांबेपर्यंत

स्वेटर चढवा, मफलर गुंडाळा. जानेवारीची पहाट आहे, साल २००४, आणि तुम्ही अजिंठा एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात खिडकीशी बसला आहात. खिडकीची झडप नीट लागत नाही, फटीतून गार वारा थेट कानात शिरतोय. डब्यात रात्रभराचा वास कोंडलाय: खोबरेल तेल, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेल्या दशम्या. सिकंदराबादला अर्धा डबा रिकामा होईल, पण तुम्ही उतरू नका. आपल्याला काचीगुड्यापर्यंत जायचंय.

समोरच्या बाकावर नऊ वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपली आहे. वयाच्या मानानं बारीक. आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात एक्स-रेचं पाकीट आणि फाइल. रात्रभर तिनं ती पिशवी खाली ठेवलेली नाही. शेजारच्या बाईला ती हळू आवाजात सांगते आहे, "लेकराच्या काळजाला भोक हाय म्हन्ले डाक्टर. दिसाया तर कायबी दिसत न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा दिवस त्या न दिसण्याशी झगडण्यात जाणार आहे.

नांदेड, परभणी, बिदर, लातूर इकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की पुण्या-मुंबईच्या आधी हैदराबाद आठवतं. रात्री बसलं की सकाळी पोचतो, कुणाची तरी मावशी सुलतान बाजारात नाहीतर काचीगुड्यात राहत असते, आणि भाषेची अडचण नाही. घुमटांच्या त्या जुन्या स्टेशनातून बाहेर पडा आणि कान उघडे ठेवा. "किधर जाना, अम्मा?" "नामपल्ली. दिल का दवाखाना." "हौ, बैठो." भाव करायला मुलीचे वडील तोंड उघडतात तोच रिक्षावाला हात हलवतो, "ज्यादा नक्को देओ."

तुम्हीही बसा त्याच रिक्षात, कोपऱ्यात. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही, ही या सफरीतली सोय आहे. बडी चौडी, सुलतान बाजार, कोटी. दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी मारलं जातंय, रॉकेलच्या धुरानं डोळे चुरचुरतात, हॉर्न थांबत नाहीत. जांबागेच्या बाजूला आपली विवेक वर्धिनी शाळा. पुढे मोजमजाही मार्केटचं दगडी घड्याळ. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब शोधू नका, ते यायला अजून बराच अवकाश आहे. नामपल्लीत शिरलात की गर्दी घट्ट होते, कारण नुमाइश चालू आहे. दरवर्षी १ जानेवारीपासून दीड महिना हे प्रदर्शन भरतं. संध्याकाळी इथे मिरची भज्यांच्या तेलाचा वास, काश्मिरी शालींचे ढीग आणि भोंग्यांचा गलका असेल. आत्ता सकाळी नुसती धूळ आहे आणि झाडूवाल्यांची रांग. यूसुफैन दर्ग्याकडून गुलाबाचा आणि लोबानचा वास येतोय. इस्पितळात जाण्याआधी तिथे चादर चढवणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे इथे कुणी मोजत नाही. मुलीची आई रिक्षातूनच हात जोडते.

आधी इराण्याकडे थांबू. तुम्हाला आत बराच वेळ उभं राहायचंय. एक पौना चहा मागवा, सोबत उस्मानिया बिस्किट. संगमरवरी टेबलाला हात चिकटतो. दूध वेगळं उकळतंय, डिकॉक्शन वेगळं. पहिल्या घोटाला जीभ पोळते. मुलीला मात्र काही मिळणार नाही, ती मध्यरात्रीपासून उपाशी आहे. ती बिस्किटाकडे बघते, आई तिच्याकडे बघते, आणि वडील दोघींकडे न बघता बिल देऊन बाहेर पडतात.

या शहराला हृदयात तारा-नळ्या घालायची विद्या नवी नाही. पंजागुट्ट्याच्या निम्स इस्पितळात ती रुजली. १९९७ साली इथे नामपल्लीत डॉ. बी. सोमा राजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केअर हॉस्पिटल सुरू केलं. याच सोमा राजूंनी क्षेपणास्त्रवाल्या अब्दुल कलामांबरोबर नव्वदच्या दशकात स्वस्त देशी स्टेंट बनवला होता, आणि आज, २००४ मध्ये, ते कलाम राष्ट्रपती आहेत. तुम्ही ज्या दारातून आत जाणार आहात त्यावर मात्र मी कुठलीच पाटी लावत नाही. शहरातल्या त्या काळच्या कुठल्याही चांगल्या कॅथ लॅबमध्ये जे दिसलं असतं तेच तुम्हाला दिसेल.

चपला काढा. हिरवा सदरा, टोपी, मास्क. आता हा शिशाचा एप्रन घाला. दचकलात ना? पाच-सहा किलो सहज असेल. खांद्यांवर तो जो उतरतो तो उतरतोच. वर गळ्याला शिशाचा पट्टा. एप्रनला लावलेला छोटा बिल्ला बघा: अंगावर किती किरण पडले याचा हिशेब तो ठेवतो. खोली बर्फासारखी गार, कारण यंत्रांना उकाडा सोसत नाही. पण दहा मिनिटांत एप्रनच्या आत तुमची पाठ घामानं भिजेल आणि बोटं मात्र गारच राहतील. स्पिरिट आणि आयोडीनचा वास नाकात बसेल. मॉनिटरची टिक टिक इतकी सतत आहे की थोड्या वेळानं ती ऐकू येणं बंद होईल. तिची लय बदलली तरच कान टवकारतील.

मुलगी टेबलावर आहे. केरळची सिस्टर तिच्या कपाळावर हात ठेवून तेलुगूत म्हणते, "भयपडकू". मुलीला ती भाषा येत नाही, पण हात कळतो. भूलतज्ज्ञ औषध सोडतात, श्वासाची नळी बसते, आणि तिचा चेहरा झाकला जातो.

आता खोलीत कोण कुठे उभं आहे ते नीट बघा. मुलीच्या उजव्या मांडीपाशी मुख्य डॉक्टर, त्यांच्या पायाखाली एक्स-रेचं पेडल. डोक्याशी, एक्स-रेच्या नळीपासून हातभर अंतरावर, इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र काढणाऱ्या मॅडम. खोलीतल्या सर्वांत अवघड जागांपैकी ही एक. भूलतज्ज्ञांच्या नळ्यांतून वाट काढायची, कमरेत वाकून तासभर उभं राहायचं, आणि उडणारे किरण अंगावर घ्यायचे. पेशंटच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत नाव येतं ते मांडीपाशी उभ्या असणाऱ्यांचं. पण भोक कुठे आहे, केवढं आहे, बुजलं की नाही, हे या खोलीत फक्त डोक्याशी उभी असलेली बाई सांगू शकते.

कारण एक्स-रेला मांस दिसत नाही. डॉक्टर पेडल दाबतात, पडद्यावर करड्या रंगात बरगड्या उमटतात, मणके उमटतात, मांडीच्या शिरेतून वर सरकणारी काळी तार अगदी स्पष्ट दिसते. हृदय म्हणजे नुसती धडधडणारी सावली. त्या सावलीत उजवा कप्पा कुठे संपतो, डावा कुठे सुरू होतो, मधला पडदा कुठे आहे आणि त्याला भोक कुठे आहे, यातलं काहीही दिसत नाही.

१९७५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी १७ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं असं भोक छाती न उघडता, शिरेतून नेलेल्या छत्रीनं पहिल्यांदा बंद केलं. आत्ता मॅडमच्या हातात असलेलं साधन त्यांच्याकडे नव्हतं. सावलीच्या भरवशावर त्यांनी ते काम केलं. ते धाडस मला थोर वाटतं. तरी माझ्या मते हा उपचार घरोघरच्या लेकरांपर्यंत पोचला तो दोन गोष्टी जुळल्यावर. एक म्हणजे कर्ट अँप्लाट्झ यांनी मिनेसोटात नायटिनॉलच्या तारेची विणलेली दुहेरी चकती बनवली. हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू आपला आकार लक्षात ठेवतो: नळीत ओढली की चकती सरळ दोरीसारखी होते, बाहेर आली की पुन्हा चकती. दुसरी गोष्ट हा अन्ननलिकेतून केलेला इको.

मॅडम बोटाएवढी लवचीक नळी जेली लावून मुलीच्या तोंडातून आत सरकवतात. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला मागून अगदी चिकटून जाते, मध्ये ना बरगडी ना फुप्फुस. म्हणून इथून मिळणारं चित्र छातीवरून मिळणाऱ्या चित्रापेक्षा कितीतरी स्वच्छ. दिवे मंद होतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या धुक्यातून आकार येतो. वर डावा कप्पा, खाली उजवा, मध्ये पातळ पांढरी रेघ. रेघ मध्येच तुटते. तेच ते. मॅडम कळ दाबतात आणि त्या तुटीतून निळा झोत खाली उसळतो.

निळा म्हणजे अशुद्ध रक्त असं समजू नका. इकोच्या रंगांचा शुद्ध-अशुद्धशी संबंध नाही. नळीकडे येणारं रक्त लाल दाखवायचं आणि नळीपासून दूर जाणारं निळं, एवढाच संकेत. वरच्या डाव्या कप्प्यातलं चांगलं, प्राणवायू भरलेलं रक्त भोकातून पुन्हा उजवीकडे वाया जातंय, आणि फुप्फुसांत नको तितका पूर लोटतोय. दर महिन्याला होणारी सर्दी, खेळताना लागणारा दम, न भरणारं अंग, सगळं त्या झोतातून आलेलं आहे. आणि ते भोक तसंच राहिलं असतं तर तिशी-चाळिशीत हृदयाची उजवी बाजू थकली असती.

पपईचा एकच काप पाहून आतली पोकळी केवढी ते कळत नाही. आडवा कापावा लागतो, उभा कापावा लागतो, तिरका कापावा लागतो. मॅडमही तेच करतात, फक्त सुरीऐवजी ध्वनिलहरींनी. शून्य अंश, मग ४५, मग ९०, मग थोडं पुढे. प्रत्येक कोनात त्या भोकाभोवतीच्या कडा मोजतात, कारण चकतीला धरायला कड हवी. "एओर्टाकडची कड पाच मिलिमीटर." "खालच्या महाशिरेची?" उत्तर येत नाही. मॅडम नळी दोन मिलिमीटर आत सरकवतात, किंचित वळवतात. खालची कड दिसायला सर्वांत अवघड, आणि तीच नसेल तर चकती बसवण्यात अर्थ नाही, छाती उघडून शस्त्रक्रियाच करावी लागते. खोली थांबलेली. बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना यातलं काही माहीत नाही. पोरीच्या छातीवर उभा वण राहिला तर उद्या लग्नाला अडेल, ही धास्ती आईनं रात्री गाडीत कुजबुजून बोलून दाखवली होती. ती धास्ती खोटी नाही. आपल्याकडे वण बघणारे लोक आहेत.

"आहे. सात मिलिमीटर. चांगली आहे." मॅडम म्हणतात.

आता पुढचं भराभर होतं. तार भोकातून डाव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसाच्या शिरेत जाते. तिच्यावरून मऊ फुगा येतो. तो हळूहळू फुगतो आणि सगळे इकोच्या पडद्याकडे बघतात. निळा झोत बारीक होतो, आणखी बारीक, आणि थांबतो. "स्टॉप!" फुगा तिथेच रोखायचा. जास्त फुगवला तर भोकच ताणलं जाईल आणि माप खोटं येईल. सोळा मिलिमीटर. सतरा नंबरची चकती मागवली जाते. ती सलाइनच्या भांड्यात बुडवून, बुडबुडा न् बुडबुडा काढून नळीत ओढतात. इथे कुणी घाई करत नाही, कारण हवेचा एक बुडबुडा डाव्या कप्प्यातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

पावणेतीन मिलिमीटरच्या नळीतून चकती वर सरकते. डावं पान उघडतं. डॉक्टर ते कप्प्यांमधल्या पडद्याकडे ओढतात, मग उजवं पान उघडतं. एक्स-रेवर बघा: दोन समांतर रेघा, मध्ये बारीक कंबर, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं. तुम्ही मनात म्हणालात, झालं!

"नाही सर. एओर्टाकडून पान सुटलंय. दोन्ही पानं उजवीकडेच आहेत तिथे."

पुन्हा एक्स-रे बघा. काही चूक दिसते? मलाही दिसत नाही. ते सुंदर चित्र अर्धंच खरं आहे. तार दिसते, पण तारेच्या कुठल्या बाजूला मांस आहे हे दिसत नाही. असं सोडलं असतं तर चकती निसटून हृदयात भटकली असती. डॉक्टर हूं की चूं न करता चकती पुन्हा नळीत ओढतात. वर्षानुवर्षं हात चालवलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांसमोरचं चित्र बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास टाकतो. या खोलीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

दुसऱ्या वेळी कोन बदलून. मॅडम बोलत राहतात: "थोडं मागे... वळवा... आता समांतर आहे... ओढा." उजवं पान उघडतं. मग एकेक कड तपासायची: प्रत्येक कड दोन पानांच्या मध्ये सापडली आहे का? मिट्रल झडपेला पान घासत नाही ना? महाशिरेचा, फुप्फुसाच्या शिरांचा रस्ता मोकळा आहे ना? डॉक्टर तार धरून चकती पुढे-मागे ढकलून बघतात. ती सगळ्या पडद्याला घेऊन हलते, पण जागा सोडत नाही. मॅडम रंगाची कळ दाबतात. विणीतून धुरासारखं थोडं झिरपतंय. ते चालतं, आत पॉलिएस्टरचं कापड आहे, त्यावर गुठळी धरली की बंद होईल. झोत नाही.

"सोडा."

तार उलटी फिरवली जाते. एक फेरा, दुसरा, आणखी एक. तारेचा ताण सुटताच चकती किंचित कलते आणि पडद्याच्या रेषेत येऊन बसते. तुमचा श्वास रोखलेला होता, तो आता सोडा. मॅडम कमरेवर हात ठेवून सरळ होतात आणि छोट्या प्रिंटरमधून चित्राची चकचकीत पट्टी सर्रकन बाहेर येते, अजून कोमट.

बाहेर जा आणि बघा. डॉक्टर बापाला दक्खनीत सांगताहेत, "छेद बंद हो गया. छत्री बैठ गई. कल घर लेके जाओ, छे महिने गोली देना." बापाला दुसऱ्यांदा ऐकायचंय. "टाका?" "टाका नक्को. जांघ में बस एक छोटा निशान." आई ती कोमट पट्टी हातात घेते, उलटी धरते, सुलटी धरते. तिला त्यात काय दिसतं कुणास ठाऊक. ती पट्टी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत जाते. बाहेर नुमाइशीचे भोंगे सुरू झालेत.

एप्रन अजून काढू नका, याच शहरात सात-आठ वर्षं पुढे उडी मारायची आहे. आता टेबलावर त्या मुलीहून लहान मूल आहे आणि भोक खालच्या दोन कप्प्यांच्या मध्ये, एओर्टाच्या झडपेला खेटून. हे काम जास्त नाजूक. रूढ पद्धतीत तार धमनीतून हृदयात न्यायची, भोकातून पलीकडे घालायची, तिथे शिरेतून आलेल्या फासात पकडून बाहेर ओढायची, आणि या वळशावरून चकती आणायची. हैदराबादच्या डॉ. कोनेटी नागेश्वर राव यांनी हा वळसाच टाळून लहान चकती सरळ धमनीच्या बाजूनं बसवायची वाट धरली. त्यांच्या चमूचा या पद्धतीवरचा लेख २०१२ साली अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीच्या नियतकालिकात आला. वळसा गेला की एक्स-रेची वेळही वाचते. मूल लहान, छाती पातळ, म्हणून बहुतेकदा तोंडातून नळी घालायचीही गरज पडत नाही. छातीवर जेली लावून धरलेला इको पुरतो. इथे इकोवाल्याचा एक डोळा एओर्टाच्या झडपेवर आणि खोलीतल्या सगळ्यांचा कान ईसीजीच्या लयीवर, कारण हृदयाच्या विजेची वाहिनी त्याच कडेनं जाते. पुढे चीनमधल्या लाइफटेक कंपनीनं अशा भोकांसाठी जी चकती काढली तिचं नाव आहे कोनार. कोनेटी नागेश्वर राव या नावातूनच ते आलं. आज ती कितीतरी देशांतल्या मुलांच्या हृदयांत बसलेली आहे.

आता एप्रन उतरवा. खांदे आपोआप वर येतील. परत आजच्या तारखेला या. आज इकोचं चित्र त्रिमितीत मिळतं, भोक समोरून उघड्या खिडकीसारखं दिसतं, तरी कड मोजणारी व्यक्ती अजून डोक्याशीच उभी असते.

निघण्याआधी एक विनंती. शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन गेलं आणि तुमच्या, शेजारच्या, कामवाल्या बाईंच्या मुलाच्या कागदावर 'हृदयाचा आवाज तपासावा' असं लिहून गेलं, तर तो कागद फ्रिजवर ठेवून देऊ नका. त्याच आठवड्यात टूडी इको करून घ्या. पुढचा उपचारही या कार्यक्रमात मोफत होऊ शकतो, चौकशी करा. भोक निघालं आणि ते छत्रीनं बंद करायचं ठरलं, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: भोकाभोवती कडा पुरेशा आहेत का, आणि त्या वेळी इको कोण करणार आहे?